वाचकांचे प्रश्न : गेमचे रिव्ह्यू, भांडणं आणि पुरावे

गेल्या अंकात व्हिडिओ गेमचे परखड रिव्ह्यू करणाऱ्यांवर एक छोटं टिपण आलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींत 'हे लोक वादात सापडले कसे?' असं विचारलंय, तर काहींत 'मी सुरुवात करतोय, मला सापडायचं नाही, काय करू?' असं. दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : टोटलबिस्किट प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला गेम सोडून सेटिंग्जच दाखवत बसायचा. त्यात एवढं काय होतं? आणि त्याची सुरुवात कुठून झाली? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोथरूड)

टोटलबिस्किट या यूट्यूबवरच्या गेम समीक्षकाचं खरं नाव जॉन बेन. जन्म १९८४, इंग्लंड. लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात कायदा शिकले. ते शिक्षण पुढे कुठे कामाला आलं असेल ते खाली येईलच. व्हिडिओच्या आधी काही वर्षं त्यांनी इंटरनेट रेडिओ केला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्यांच्या स्टेशनवर 'ब्लू प्लीज' नावाचा त्यांचा कार्यक्रम होता. त्यामुळे २०१० मध्ये यूट्यूबवर आले तेव्हा न अडखळता, कागद न बघता, तासभर बोलण्याचा सराव आधीच झालेला होता. त्या वर्षी याच गेमचा 'कॅटॅक्लिझम' हा भाग बीटा चाचणीत होता. डिसेंबरमध्ये तो बाजारात यायच्या आधी लोकांना त्यातली प्रत्येक बारीक गोष्ट हवी होती, आणि बेन रोज ती देत होते. बऱ्याच जणांना त्यांचं यश आवाजामुळे आलंय असं वाटतं. आमच्या मते वेळ साधली हे जास्त खरं.

पुढे 'डब्ल्यूटीएफ इज…' ही मालिका आली : एक गेम, त्याची सुरुवातीची खेळी, आणि त्यावर जागच्या जागी बोलणं. याला ते रिव्ह्यू म्हणत नसत, पहिली छाप म्हणत. हा विनय नव्हे, हिशोब होता. गेम संपवलेला नसताना शेवटाबद्दल मत दिलं की कोणीही तुम्हाला खोटं पाडू शकतो.

आता सेटिंग्ज. कन्सोलचा (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचा) गेम पीसीवर आणताना कंपनीने किती कष्ट घेतलेत हे मेन्यूत दोन मिनिटांत कळतं. तुम्हीही हेच करा, पण नुसता मेन्यू फिरवून दाखवू नका. या गोष्टी खरोखर तपासा :

फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्या आकड्याला) कुलूप आहे का, असल्यास ३० ला की ६० ला. व्ही-सिंक (फ्रेमरेट पडद्याच्या वेगाला बांधणारं सेटिंग) बंद करून पाहा. काही गेममध्ये स्विच बंद दिसतो, पण मर्यादा तशीच राहते. सगळी बटणं बदलता येतात का, आणि बदलल्यावर पडद्यावरच्या सूचनाही बदलतात का. संगीत, आवाज आणि इफेक्ट यांचे स्लायडर वेगळे आहेत का. सबटायटलचा आकार मोठा होतो का. कोणत्या सेटिंगसाठी गेम बंद करून परत चालू करावा लागतो.

फील्ड ऑफ व्ह्यूवर (पडद्यावर किती रुंद दृश्य दिसतं त्या कोनावर) बेन यांचा विशेष कटाक्ष असे, आणि कारण शारीरिक आहे. टीव्ही आठ फुटांवर असतो, मॉनिटर दोन फुटांवर. टीव्हीसाठी ठेवलेला अरुंद कोन मॉनिटरवर आला की पुष्कळांना अर्ध्या तासात मळमळतं. इथे एक घोटाळा हमखास होतो. काही गेम आडवा कोन दाखवतात, काही उभा. १६:९ स्क्रीनवर उभा ५९ अंश म्हणजे आडवा जवळपास ९०. मेन्यूत '६०' बघून 'किती अरुंद!' म्हणून ओरडलात, आणि तो आकडा उभ्या कोनाचा निघाला, तर कमेंटमध्ये दिवाळी साजरी होईल. ओरडण्याआधी स्लायडर टोकापर्यंत ओढा आणि हातातलं हत्यार पडद्यावर किती लहान होतं ते बघा.

कामगिरी मोजायला एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर पुरेसा आहे. सरासरी फ्रेमरेटसोबत 'एक टक्का लो' (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग) लिहाच. ६० फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरासरी ७५ असूनही एक टक्का लो २८ असेल तर गेम हाताला अडखळताना जाणवतो. एकच जागा, एकच रस्ता, तीन वेळा खेळा. पहिली फेरी वेगळी नोंदवा, कारण शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना बसणारे झटके बहुधा त्याच फेरीत असतात, आणि विकत घेणाऱ्याला तीच फेरी आधी भोगायची असते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला, आणि रॅमच्या दोन पट्ट्या आहेत की एक, हेही सांगा. एकाच पट्टीवर एक टक्का लो चांगलाच खाली येतो. एप्रिलमध्ये पुण्यात चाळीसच्या आसपास पारा असताना, पंख्याखाली, दुपारी तीन वाजता घेतलेला आकडा हा गेमचा नसतो, तापलेल्या प्रोसेसरचा असतो. तपमानाचा आकडा ओव्हरलेमध्ये (खेळावर दिसणाऱ्या आकड्यांच्या पट्टीत) ठेवा म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल.

२०१५ मध्ये बेन यांनी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर 'फ्रेमरेट पोलिस' नावाची यादी सुरू केली, ३० ला अडकवलेले गेम नोंदवणारी. २०१८ मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

प्रश्न : सगळे ९ देतात त्या गेमला मी ६ दिले. शिव्या खाल्ल्या. मार्क द्यावेत की नाही? जिम स्टर्लिंग मुद्दाम कमी मार्क देऊन प्रसिद्ध झाले असं म्हणतात, ते खरं का? (हडपसर)

तारखा बघा आणि तुम्हीच ठरवा. आता जेम्स स्टेफनी स्टर्लिंग या नावाने ओळखले जाणारे हे समीक्षक तेव्हा 'डिस्ट्रक्टॉइड' या संकेतस्थळासाठी लिहीत. २००९ मध्ये 'असॅसिन्स क्रीड २'ला त्यांनी १० पैकी ४.५ दिले. २०१० मध्ये 'फायनल फँटसी १३'ला ४. दोन्ही गेम इतरत्र डोक्यावर घेतले गेले होते, त्यामुळे लोक चवताळले. पण त्याच २०१० मध्ये 'डेडली प्रिमॉनिशन' या ओबडधोबड जपानी गेमला त्यांनी १० पैकी १० दिले, तेव्हा आयजीएन या संकेतस्थळाने त्याला २ दिले होते. पुढे हा गेम समीक्षकांत सर्वांत टोकाची मतभिन्नता घडवणारा सर्व्हायव्हल हॉरर गेम म्हणून गिनेस बुकात गेला. नुसता खोडसाळपणा करणारा माणूस कोणी न ऐकलेल्या गेमला पैकीच्या पैकी देऊन काय कमावणार? स्टर्लिंग यांची भाषा भडक होती, सोंग होतं, चिडवण्याची हौसही होती. पण मार्क स्वतःच्या मापाने होते, आणि ते माप लेखात दिसत होतं.

२०१७ मध्ये 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या झेल्डाच्या गेमला त्यांनी ७ दिले. सात म्हणजे चांगला! तरी मेटाक्रिटिक या रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावरची सरासरी ९८ वरून ९७ झाली आणि त्यांच्या संकेतस्थळावर हल्ला होऊन ते बंद पडलं. तेव्हा शिव्यांचं फार मनावर घेऊ नका. आकडा बघून येणारी माणसं लेख वाचायला आलेली नसतात.

तुमच्यासाठी व्यवहाराचं म्हणजे, मार्क देणार असाल तर मोजपट्टी आधी लिहून ठेवा आणि प्रत्येक व्हिडिओखाली चिकटवा : ५ म्हणजे काय, ७ म्हणजे काय. आपल्याकडे शाळेच्या सवयीने ६० टक्के म्हणजे जेमतेम असं वाचलं जातं, त्यामुळे तुमचा ६ 'बरा आहे' या अर्थाचा असला तरी समोरच्याला तो 'टाकाऊ' वाटतो. मार्क शेवटी द्या, आणि प्रत्येक उणिवेचं पडद्यावरचं उदाहरण आधी दाखवा. कॅमेरा भिंतीत अडकतो म्हणालात, तर तो अडकलेला दिसला पाहिजे.

आणि मार्कांची किंमत खरोखर काय असू शकते याचं उदाहरण २००७ चं आहे. गेमस्पॉटचे जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच'ला ६ दिले तेव्हा त्याच संकेतस्थळावर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. नोव्हेंबरअखेर त्यांना काढलं गेलं. सगळ्यांना संशय होता, पण व्यवस्थापनावर जाहिरातदारांचा दबाव होता हे त्यांना स्वतःला उघडपणे सांगता आलं ते २०१२ मध्ये. मधल्या काळात त्यांनी 'जायंट बॉम्ब' हे गेमचं नवं संकेतस्थळ उभं केलं होतं.

प्रश्न : एका छोट्या कंपनीच्या गेमवर टीका केली तर त्यांनी कॉपीराइट स्ट्राइक टाकला. व्हिडिओ डिलीट करून मोकळं व्हावं का? तीस सेकंदांपर्यंत क्लिप चालते असं ऐकलंय. (पिंपरी)

डिलीट करू नका. व्हिडिओ काढला तरी स्ट्राइक जात नाही. आणि तीस सेकंदांचा नियम कुठल्याही कायद्यात नाही.

आधी काय आलंय ते नीट वाचा. दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक गल्लत करतात. कंटेंट आयडी क्लेम यूट्यूबच्या यंत्रणेने आपोआप पकडलेला असतो, बहुतेक वेळा गेममधल्या गाण्यामुळे. त्याने व्हिडिओचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही, पण चॅनेलला धोका नसतो. तिथल्या तिथे तो तुकडा कापता येतो, गाणं म्यूट करता येतं किंवा हरकत घेता येते. हरकतीला उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस असतात. स्ट्राइक मात्र माणसाने पाठवलेल्या कायदेशीर तक्रारीवरून येतो. ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनेल जातं.

तुमच्यासारखीच गोष्ट ऑक्टोबर २०१३ मध्ये बेन यांच्याबाबत घडली. 'डे वन : गॅरीज इन्सिडेंट' या गेमला त्यांनी झोडपलं आणि बनवणाऱ्या वाइल्ड गेम्स स्टुडिओने तक्रार करून व्हिडिओ उतरवला. बेन यांनी दुसरा व्हिडिओ टाकला, पण त्यात आकांडतांडव नव्हतं. त्यांनी कागद ठेवले : गेमची प्रत कंपनीकडूनच आली होती, इतर चॅनेलवरचे पैसे मिळवणारे व्हिडिओ कंपनीला चालत होते, उतरला तो फक्त टीकेचा. शेवटी तक्रार मागे घेतली गेली आणि व्हिडिओ परत आला. कायद्याच्या शिक्षणाचा उपयोग झाला असेल तर तो इथे.

तुम्ही करायचं ते असं. पहिलं, कंपनीला शांतपणे ईमेल करून तक्रार मागे घ्यायला सांगा. हा सगळ्यात जलद मार्ग आहे. गेम विकत घेतल्याची पावती किंवा प्रत पाठवल्याचा ईमेल सोबत जोडा. दुसरं, आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर यूट्यूब स्टुडिओतून उलटनोटीस (तक्रार चुकीची आहे असं कायदेशीर उत्तर) द्या. त्यात कोणत्या मिनिटाला काय दाखवलंय आणि त्यावर तुम्ही काय भाष्य केलंय याचा तक्ता द्या, 'फेअर यूज' हे दोन शब्द लिहून थांबू नका. तक्रारदाराकडे कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला कामाचे १० दिवस असतात; तो दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. एक लक्षात ठेवा : उलटनोटिशीत तुमचं खरं नाव आणि पत्ता लागतो, आणि तो तक्रारदाराकडे जातो. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(क) टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं. रास्त म्हणजे किती याचा आकडा नाही. भाष्याला लागेल तेवढं दाखवा. ज्या भागावर तुम्ही गप्प बसला आहात तो भाग उडवा, विशेषतः लांबलचक कटसीन (गेममधले नुसते बघायचे प्रसंग) आणि शेवट. रेकॉर्ड करण्याआधी सेटिंग्जमध्ये 'लायसन्स्ड म्युझिक' असा पर्याय असेल तर तो बंद करा, 'स्ट्रीमर मोड' असेल तर चालू करा. बरेच क्लेम तिथेच टळतात.

प्रश्न : गेम वाईट म्हटल्यावर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो का? (एक पालक, चिंचवड)

करणारे करतात. २०१४ मध्ये स्टर्लिंग यांनी 'द स्लॉटरिंग ग्राउंड्स' या गेमची खिल्ली उडवली. डिजिटल होमिसाइड ही ती बनवणारी कंपनी. आधी उत्तरादाखल व्हिडिओ, मग कॉपीराइटची तक्रार, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात थेट एक कोटी डॉलरचा दावा. त्याच वर्षी कंपनीने स्टीमवरच्या शंभर वापरकर्त्यांवरही खटला गुदरला, तेव्हा स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने तिचे सगळे गेम दुकानातून काढून टाकले. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टर्लिंग यांच्यावरचा दावा पुन्हा न करण्याच्या अटीवर निकालात निघाला.

भारतात १ जुलै २०२४ पासून अब्रुनुकसानीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. मुलाला एवढंच सांगा : 'हा गेम कंटाळवाणा आहे' हे मत. 'यांनी कोड चोरलाय', 'हे लोक पैसे घेऊन पळाले' ही वस्तुस्थितीबद्दलची विधानं, आणि ती सिद्ध करायची वेळ आली तर पुरावा हवा. गेमवर बोलावं, बनवणाऱ्याच्या चारित्र्यावर नाही. रेकॉर्डिंगची मूळ फाइल, गेमचा व्हर्जन नंबर आणि खेळल्याची तारीख किमान वर्षभर ठेवावी. गेम नंतर पॅच होतो (दुरुस्त केला जातो) आणि 'असं काही नव्हतंच' म्हणतात, तेव्हा तोच एक आधार असतो.

प्रश्न : कंपनीने गेम फुकट दिला तर ते सांगावंच लागतं का? पैसे घेतलेले नाहीत. (सदाशिव पेठ)

हो, सांगावंच लागतं. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत आणि त्यांत फुकट मिळालेली वस्तूही येते. दोन मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत त्या वस्तूबद्दलचा भाग चालू असेपर्यंत सूचना पडद्यावर हवी. ती मराठीत चालते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. डिस्क्रिप्शनमध्ये तळाशी, 'आणखी पाहा' दाबल्यावर दिसेल असं लिहिणं म्हणजे लपवणं. 'शॅडो ऑफ मॉर्डर'च्या प्रचारात नेमकं हेच झालं होतं. २०१४ मध्ये बेन आणि स्टर्लिंग यांनी त्या करारातल्या अटी चव्हाट्यावर आणल्या : लवकर प्रत हवी तर गेमबद्दल चांगलंच बोलायचं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉर्नर ब्रदर्सला त्याबद्दल जाब विचारून समेट करायला लावला.

करार आला तर तीन गोष्टी शोधा : प्रसिद्धीआधी व्हिडिओ दाखवायची अट, दोषांबद्दल न बोलण्याची अट, आणि कोणता भाग दाखवायचा नाही याची यादी. तिसरी चालते, एम्बार्गोची, म्हणजे 'याआधी प्रसिद्ध करू नका' अशी, तारीख आणि वेळही चालते (वेळ कुठल्या टाइमझोनची ते विचारा, अमेरिकेची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ किंवा रात्र). पहिल्या दोन असतील तर तो रिव्ह्यू नाही, जाहिरात आहे, तसं लिहा किंवा सोडून द्या. कन्सोलसारखी महागडी वस्तू ठेवून घेतलीत आणि वर्षाचा आकडा २०,००० रुपयांपुढे गेला, तर देणाऱ्याला १० टक्के टीडीएसचं बघावं लागतं. काम झाल्यावर परत केलीत तर तो प्रश्न येत नाही.

आणि सावध राहा. नवीन चॅनेलला 'आमच्या गेमचा रिव्ह्यू करा' म्हणून ईमेल येतात, सोबत पासवर्ड लावलेली झिप. आतली फाइल उघडली की ब्राउझरमधलं लॉगिन चोरीला जातं, पासवर्ड न मागता, दोन पायऱ्यांची पडताळणी असूनही, आणि सकाळी चॅनेलवर क्रिप्टोचा लाइव्ह चालू असतो. खरी कंपनी स्टीमची की (गेम सुरू करायचा कोड) देते किंवा स्टीमच्या क्युरेटर सोयीतून प्रत पाठवते. की फक्त स्टीमच्या 'ॲक्टिव्हेट अ प्रॉडक्ट'मध्ये टाका. तरीही फाइल उघडायचीच असेल तर यूट्यूबचं खातं नसलेल्या दुसऱ्या मशीनवर.

प्रश्न : पुण्यातल्याच ओळखीच्या लोकांनी बनवलेल्या गेमचा रिव्ह्यू करू का? (बाणेर)

पुण्यात हा प्रश्न येणारच. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' बनवणारा नॉडिंग हेड्स इथलाच, 'इंडस'वाला सुपरगेमिंग इथलाच, युबिसॉफ्टचाही एक स्टुडिओ इथे आहे. वर्गमित्र कुठे ना कुठे असतोच. नातं पहिल्या मिनिटात सांगा आणि मार्क देऊ नका. भाऊ, बायको किंवा रूममेट असेल तर करूच नका. 'आपल्या माणसाचा गेम' म्हणून सांभाळून घेणं ही त्याच्यासाठीही मदत नाही. 'राजी' २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आला तेव्हा चित्रं आणि वातावरणाचं कौतुक झालं आणि लढाईतल्या उणिवांवर बोटही ठेवलं गेलं. दोन्ही होऊनच द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं.

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यातून पैसे मिळतात का? (वारजे)

लगेच नाही. जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू लागतात. १०० डॉलर जमल्याशिवाय रक्कम खात्यात येत नाही. कराचा फॉर्म भरला नाही तर गुगल सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतं. भरला तर कपात फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या हिश्शावर, तीही १५ टक्के. बेन क्रॉशॉ, म्हणजे 'झिरो पंक्चुएशन' या विनोदी रिव्ह्यू मालिकेचे याट्झी, यांना २००७ च्या जुलैत टाकलेल्या दोन व्हिडिओंवरून ऑगस्टपर्यंत 'एस्केपिस्ट' या संकेतस्थळावर काम मिळालं होतं. असं उदाहरण मुलाने दिलं तर अमान्य करू नका, फक्त तेव्हा यूट्यूब अडीच वर्षांचंही नव्हतं हे सांगा. पदवी पूर्ण होऊ द्या.

प्रश्न : दोन तास रेकॉर्ड केलं, लाईट गेली, फाइल उघडेना. शिवाय आवाजात ढोल येतात. (नारायण पेठ)

साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करत असाल तर तेच होणार. त्या फाइलचा ताळेबंद अगदी शेवटी लिहिला जातो; मध्येच वीज गेली की फाइल आहे पण वाचता येत नाही. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, मग वीज गेल्या क्षणापर्यंतचं शाबूत राहतं. संपल्यावर 'फाइल' मेन्यूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने मिनिटाभरात एमपी४ करा, दर्जा घटत नाही.

बाकीच्या सेटिंग्ज : १०८०पी, ६० फ्रेम, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हेंक एन्कोडर (कार्डातला व्हिडिओ तयार करणारा भाग), रेट कंट्रोल सीक्यूपी, आकडा २०. आकडा कमी केला की दर्जा आणि फाइल दोन्ही वाढतात. सरासरी ५० मेगाबिट धरलं तर तासाला साडेबावीस जीबी लागतात, म्हणजे वीस तासांच्या गेमला ४५० जीबी. स्वतंत्र डिस्क हवीच. 'ॲडव्हान्स्ड' आउटपुटमध्ये ट्रॅक १ वर सगळं, २ वर फक्त माइक, ३ वर फक्त गेम असं ठेवा. हे केलं नाही तर गेमचं गाणं आणि तुमचं बोलणं एकाच पिठात मळलं जातं, आणि क्लेम आल्यावर गाणं काढताना तुमचा आवाजही जातो. विंडोज आणि ओबीएस दोन्हीकडे ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. लॅपटॉपवर पडदा काळा येत असेल तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला गेम ज्या कार्डावर चालतो तेच द्या. रेकॉर्डिंग अडखळत असेल तर गेमचा फ्रेमरेट ६० ला बांधा आणि ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ग्राफिक्स कार्ड शंभर टक्के गुंतलं की एन्कोडरला जागा उरत नाही. पीएस५ वरून कॅप्चर कार्डाने घेताना पडदा काळा असेल तर सिस्टिम, एचडीएमआयमध्ये जाऊन एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) बंद करा.

यूपीएस घेताना व्हीए बघून फसू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ग्राफिक्स कार्ड जोरात असताना तो टीं करून बसतो. १००० व्हीएच्या खाली जाऊ नका. तोही पाच-सात मिनिटंच देईल, पण सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरतं. तपकीर गल्लीत यूपीएस बघताना आतल्या बॅटरीची तारीख विचारा, खोक्यावरची नाही. आणि गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते हे माहीत असताना गुरुवारी सकाळी रेकॉर्डिंग लावू नका.

ढोलाचं बघा. जुलैपासून गणपतीपर्यंत संध्याकाळी सराव असतो, आणि ढोलाचा खर्ज खिडकी बंद करून थांबत नाही. गोधड्या टांगल्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा खर्ज नाही. त्यामुळे खेळ रेकॉर्ड करा संध्याकाळी, माइक बंद ठेवून, आणि बोलणं वेगळं घ्या, सकाळी सहा ते आठ. डायनॅमिक माइक तोंडापासून १० ते १५ सेंटीमीटरवर, थोडा तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ'चे फटके बसत नाहीत. आवाजाची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. एडिट करताना ८० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने उडवा. माणसाच्या बोलण्यातलं तिथे फारसं काही नसतं, ढोलाचं आणि पीएमपी बसच्या इंजिनाचं असतं. गेमचा आवाज बोलण्यापेक्षा १५ डेसिबल तरी खाली ठेवा, आणि सगळं मिळून उणे १४ एलयूएफएसला (आवाज एकूण किती मोठा जाणवतो त्याचं माप) आणा. त्याहून मोठा ठेवलात तरी यूट्यूब तो खाली ओढतंच.